हरदत्ताची पाळी

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र मीं तीन वेळां वाचलें. तें एका भगिनीचें आहे. नांवगांव छापूं नये अशी त्यांची विनंति आहे व ती मला सर्वथा मान्य आहे. एका खासगी प्राथमिक शाळेंत त्या गेलीं पंचवीस वर्षें शिकवीत आहेत, वय शेहेचाळीस, आणि गेल्या जूनपासून त्या त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आहेत. "अभिनंदनाचीं पत्रें पुष्कळ आलीं," असें त्या लिहितात, "पण माझी झोंप जी गेली ती अजून परत आलेली नाहीं."

कारण असें. शाळेंत शिक्षक चौदा. त्यांतील सर्वांत ज्येष्ठ बाई छप्पन्न वर्षांच्या आहेत. सेवाज्येष्ठतेनें मुख्याध्यापकपद त्यांचेंच होतें. परंतु घरीं पतीचें दीर्घ आजारपण, म्हणून त्यांनीं लेखी नकार दिला आणि पद यांच्याकडे आलें. या ज्येष्ठ बाईंनींच आमच्या पत्रलेखिकेला लहानपणीं चौथीच्या वर्गांत शिकविलें होतें! अजूनहि बाई दारांत दिसल्या कीं मुख्याध्यापिका खुर्चीवरून उठून उभ्या राहतात. दुसऱ्या टोंकाला पंचविशी-सव्विशींतील तीन शिक्षक आहेत. त्यांचें म्हणणें, जुनीं माणसें आमचें ऐकूनच घेत नाहींत. जुन्यांचें म्हणणें, कालचीं पोरें आम्हांस शहाणपण शिकवूं पाहतात. "मास्तर," त्या विचारतात, "सासूबाई, आजेसासूबाई आणि दोन जावा यांच्यांत मी इतकीं वर्षें नांदलें. घरीं जें जमलें तें शाळेंत कां जमूं नये?"

पत्राच्या शेवटीं आणखी एक गोष्ट आहे. ती मी या लेखाच्या शेवटींच सांगेन.

माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या जुन्या प्राथमिक शिक्षकानें व्यवस्थापनशास्त्रावर व्याख्यान देऊं नये. परंतु १९८२ पासून २०२१ पर्यंत मी शाळेंत होतों आणि त्यांतील शेवटचीं बारा वर्षें मुख्याध्यापक होतों. त्या बारा वर्षांत मीं ज्या चुका केल्या त्या माझ्या स्वतःच्या आहेत, व त्या सांगण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

* * *

प्रथम घर आणि शाळा यांतील भेद पाहूं. घरांतील ज्येष्ठपणाला नात्याचा आधार असतो. सासूबाई रागावल्या तरी त्या सासूबाईच राहतात. सुनेलाहि ठाऊक असतें कीं, आज ना उद्यां आपणहि त्या पाटावर बसणार आहों. शाळेंतले चौदा शिक्षक चौदा घरांतून आलेले. घंटा आणि हजेरीपट एवढेंच काय तें त्यांच्यांत समाईक. येथें ज्येष्ठता ही एका छापील यादींत असते. दरवर्षीं ती सर्वांपुढें फिरवून सह्या घेतात. १९८१ च्या नियमावलीनें ठरविलेली ही पद्धति एका दृष्टीनें चांगली आहे, कारण तिच्यामुळें लहर आणि वशिला यांना पुष्कळसा आळा बसला. पण यादीनें क्रमांक मिळतो. आदर मिळत नाहीं, आणि विश्वास तर मुळींच मिळत नाहीं.

दुसरें असें कीं, आजच्या आपल्या शाळांत दोन पिढ्यांमधला सांधाच निखळलेला दिसतो. २०१२ सालीं राज्यांत शिक्षकभरती थांबली. अतिरिक्त शिक्षकांची सोय लागेपर्यंत नवे घेऊं नयेत असें धोरण होतें. २०१७ मध्यें 'पवित्र' नांवाची संगणकीय व्यवस्था आली, त्या डिसेंबरांत अभियोग्यता चाचणी झाली, आणि त्यानंतर भरतीचें गाडें हळूहळू हललें. पुढची चाचणी व्हावयास २०२३ साल उजाडलें. परिणाम असा झाला कीं, पुष्कळ शाळांत पन्नाशीच्या आसपासचे शिक्षक आहेत, पंचविशीचे आहेत, आणि मधले फार थोडे. ज्या घरांत आजी आहे व नात आहे, पण आईच नाहीं, त्या घरांत बोलणें कसें तुटक होतें तें आपण जाणतां. आजीचा शब्द नातीला समजावून सांगणारी आणि नातीचा हट्ट आजीच्या गळीं उतरविणारी मधली बाई तेथें नसते. शाळेंत ती मधली बाई म्हणजे मुख्याध्यापकच व्हावयास हवा. आमच्या पत्रलेखिकेचें वय नेमकें मधलें आहे, ही मी त्या शाळेच्या भाग्याची गोष्ट समजतों.

मात्र सगळा दोष वयाच्या अंतरावर ढकलूं नये. १८८० च्या जानेवारींत पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल निघालें तेव्हां विष्णुशास्त्री चिपळूणकरांना तीस वर्षेंहि पूर्ण झालीं नव्हतीं व टिळक तेवीस वर्षांचे होते. बहुतेक सारे एकाच पिढीचे, एकाच ध्येयाचे. तरीहि पुढें त्या मंडळींत तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्यें टिळक संस्थेंतून बाहेर पडले. समवयस्क असल्यानें भांडण टळतें असें नाहीं. भांडणाचीं कारणें बहुधा दुसरींच असतात. वय हें त्यांना मिळालेलें सोईचें नांव असतें. खरें कारण कोणतें असतें, तें मला एका नाटकानें शिकविलें.

* * *

कालिदासाचें मालविकाग्निमित्र आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचलें असेल. त्यांत गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य आपणांत श्रेष्ठ कोण यावर भांडत राजाकडे येतात. हें भांडण विदूषकानें लावलेलें आणि त्यांतला हेतु निराळाच, हें सर्वांस ठाऊक आहे. तो भाग आपण सोडून देऊं. निवाडा करण्याचें काम परिव्राजिका कौशिकीकडे येतें. आचार्याची पारख करावयाची तर त्याला स्वतःला किती येतें एवढेंच पाहून भागत नाहीं, तें शिष्यांत किती उतरलें हेंहि पाहावें, असा तिचा अभिप्राय पडतो. मग आधीं कोणाचे शिष्य पाहावयाचे? ती सांगते, गणदासाचे. कारण तो वयानें वडील आहे.

येथपर्यंत सगळें यथायोग्य झालें. गणदासाची शिष्या मालविका रंगभूमीवर येते, तिचें नृत्य होतें, सर्वजण वाखाणतात. मग हरदत्त पुढें सरसावतो, आणि तेवढ्यांत मध्यान्ह झाल्याची वर्दी येते! भोजनाची वेळ टळूं नये म्हणून राजा त्याला सांगतो कीं, तुमचें उद्यां पाहूं. तो 'उद्यां' संपूर्ण नाटकांत उगवत नाहीं.

आमचे पाठशाळेंतले गुरुजी हा प्रसंग शिकवितांना मिस्किलपणें हंसत, आणि आम्हीहि हंसत असूं. हरदत्ताला काय वाटलें असेल हा प्रश्न मला पाठशाळेंत कधीं सुचला नाहीं. तो सुचला मुख्याध्यापक झाल्यावर, आणि तोहि उशिरां.

२०१० च्या जूनमध्यें आमच्याकडे एक तरुण शिक्षणसेवक रुजू झाला. त्याला मी येथें हरदत्तच म्हणतों. अबोल, अंगानें किरकोळ, पण वर्गांत शिरला कीं मुलें त्याच्याभोंवतीं गोळा होत. त्याच्याकडे तिसरीचा वर्ग दिला होता. आमच्या शिक्षकसभा शनिवारीं होत. सकाळची शाळा साडेअकराला सुटे आणि बाहेरगांवच्या मंडळींची एस. टी. साडेबाराला असे. म्हणजे सभेला तासभर. शिरस्त्याप्रमाणें मी आधीं ज्येष्ठांना विचारीं. ज्येष्ठांचें बोलणें सावकाश चाले. त्यांत अनुभव असे, जुन्या हकीकती असत, स्नेहसंमेलनाची चर्चा असे. खालच्या टोंकाला पोंचेपर्यंत कोणीतरी घड्याळाकडे पाही. सप्टेंबरच्या सभेंत हरदत्तानें हात वर केला. मीं म्हटलें, "पुढच्या वेळीं नक्की." ऑक्टोबरांत म्हटलें, "दिवाळीनंतर सविस्तर बोलूं." जानेवारींत त्यानें हात वर केलाच नाहीं. मला वाटलें, पोरगा रुळला.

पुढच्या वर्षीं त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेंत नोकरी मिळाली. जातांना पायां पडला आणि एक वही देऊन म्हणाला, "सर, वेळ मिळेल तेव्हां पाहा." ती वही माझ्या खणांत दोन वर्षें पडून राहिली.

२०१३ मध्यें खण आवरतांना ती हातीं लागली. तींत तिसरीच्या अकरा मुलांचीं नांवें होतीं. प्रत्येकापुढें तारखा घालून लिहिलेलें: याला कोणतीं अक्षरें ओळखतां येतात, हा कोठें अडतो, याला कान्हामात्रा कळते पण जोडाक्षर आलें कीं हा अंदाजानें बोलतो. शेवटच्या पानावर त्याची सूचना होती. तिसरी-चौथींतल्या ज्या मुलांना वाचतां येत नाहीं त्यांना इयत्ता न पाहतां रोज एक तास एकत्र बसवावें, जेथें ज्याचें अडलें आहे तेथून त्याला शिकवावें. त्यासाठीं वेळापत्रकांत काय बदल लागेल तेंहि त्यानें आंखून दिलें होतें. सभेंत सांगावयास त्याला दहा मिनिटें लागलीं असतीं.

त्या वर्षीं आम्हीं तो तास सुरू केला. त्याचा उपयोग झाला. पण वहींतलीं तीं अकरा मुलें तोंवर सहावींत गेलीं होतीं. निवृत्त झाल्यावर एके दिवशीं मी पेन्शनच्या कामासाठीं बँकेंत बसलों असतां एक एकोणीस-वीस वर्षांचा तरुण जवळ आला, वांकून नमस्कार केला, आणि पैसे काढण्याचा कागद पुढें करून म्हणाला, "सर, एवढें भरून देतां का? माझें अक्षर चांगलें नाहीं." मीं नांव विचारलें. नांव वहींतलें होतें. कागद भरून दिला. अक्षराचा प्रश्न नव्हता, हें त्यालाहि ठाऊक होतें आणि मलाहि.

वाचकहो, ज्येष्ठाला आधीं मान देण्यांत माझी चूक झाली नाहीं. चूक झाली ती हरदत्ताची पाळी येण्याआधीं जेवणाची वेळ होऊं देण्यांत. आपल्या घरांतहि असेंच होत आलें आहे. वडीलधाऱ्यांनीं आधीं जेवावें हा रिवाज चांगला; पण शेवटीं वाढणारी सून ताट घेऊन बसे तेव्हां पातेल्यांत भाजी उरलेली नसे, आणि ती कां उरत नाहीं हें पंगतींतून उठून गेलेल्या कोणालाहि कळत नसे. आमच्या घरीं माझ्या आईनें एक नियम केला होता: सुनांचें वाढून आधीं झांकून ठेवावयाचें, मग पंगत बसवावयाची. पंगतीचा क्रम तिनें मोडला नाहीं. पातेलें रिकामें होऊं दिलें नाहीं, एवढेंच.

* * *

आतां दुसरी चूक. ती उलट बाजूची आहे.

२०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या. जूनपासून शिकविणें मोबाइलवर आलें. एका महिन्यांत शाळेचा सारा क्रम उलटा झाला. ज्यांना सभेंत बोलावयास मिळत नव्हतें तीं तरुण मंडळी एकदम जाणतीं ठरलीं, आणि ज्यांच्या फळ्यावरच्या अक्षराची वाखाणणी तालुकाभर होत असे त्या बाईंना चित्रफीत कशी पाठवावी हें समजेना. त्यांची पहिली चित्रफीत आडवी आली व आवाज आलाच नाहीं. मीं काय करावें? शिक्षकांच्या व्हॉट्सॲप-गटावर एका तरुण शिक्षकाची चित्रफीत टाकली आणि बाईंचें नांव घालून लिहिलें, "यांनीं कसें केलें आहे तें पाहा व त्याप्रमाणें करा." हेतु वाईट नव्हता. पण एकतीस वर्षें शिकविलेल्या बाईंना मीं बारा माणसांसमोर, तीहि लेखी, विद्यार्थिनी करून टाकलें. त्या दिवसापासून त्या गटावर त्यांनीं एक अक्षर लिहिलें नाहीं. मीं समजलों, बाईंना नवें नको आहे.

ऑक्टोबरांत कळलें कीं, त्यांच्या वर्गांतल्या निम्म्याअधिक मुलांच्या घरीं तसला मोबाइलच नव्हता. मोकळीक मिळाल्यापासून बाई आठवड्यांतून दोनदां तोंडाला फडकें बांधून वस्तींत जात, ओट्यापाशीं दूर उभ्या राहून मुलांना हातानें लिहिलेले कागद देत, आणि मागच्या खेपेचे तपासलेले परत करीत. पुढें शाळा भरली तेव्हां पाढे न विसरलेला वर्ग तो एकच होता. ज्या तरुणाची चित्रफीत मीं आदर्श म्हणून टाकली होती तोच हें पाहून मला म्हणाला, "सर, माझ्या चित्रफिती पाहणारीं मुलें नऊ होतीं. बाईंचे कागद सोडविणारीं एकतीस."

तरुणाला बोलूं न देणें आणि वृद्धाला चारचौघांत शिकविणें या दोन्ही गोष्टी एकाच अपराधाचीं दोन रूपें आहेत. दोन्ही वेळीं मीं माणसाचें वय पाहिलें. त्याचें काम, आणि तें मुलांत किती उतरतें, हें पाहिलें नाहीं. परिव्राजिकेचा निवाडा मीं मुखोद्गत केला होता, पण कामाच्या वेळीं तो मला आठवला नाहीं.

* * *

या दोन चुकांनंतर, व कांहीं दोहोंच्या मध्यें, जे पालट मीं केले ते थोडक्यांत सांगतों.

पहिला पालट सभेचा. लष्करी न्यायालयांत मतें विचारतांना सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून आरंभ करण्याची पद्धति आहे, असें मला एका निवृत्त सुभेदारांनीं सांगितलें होतें. कारण उघड आहे: वरिष्ठ बोलून गेल्यावर कनिष्ठाची जीभ टाळूला चिकटते. २०१३ पासून मीं तोच क्रम धरला. आरंभ सर्वांत नव्या शिक्षकाकडून, समारोप सर्वांत ज्येष्ठाकडून. ज्येष्ठांना मीं आधीं एकेकट्यांना भेटून सांगितलें कीं, "शेवटचा शब्द आपला राहील." पहिल्या सभेंत तरुण मंडळी गप्पच राहिलीं, तीन सभांनंतर बोलूं लागलीं. आणि एक लाभ अनपेक्षित झाला. शेवटीं बोलावयाचें म्हणून ज्येष्ठ मंडळी सगळ्यांचें ऐकूं लागलीं.

दुसरा पालट जोड्यांचा. एक जुना, एक नवा अशी जोडी. आठवड्यांतून एक तास एकानें दुसऱ्याच्या वर्गांत मागें बसावयाचें. पुढच्या आठवड्यांत उलट. नियम एवढाच कीं, बाहेर आल्यावर उपदेश करावयाचा नाहीं, फक्त दोन प्रश्न विचारावयाचे. एका तरुण शिक्षिकेनें बाईंना विचारलें, "तुम्हीं त्या मुलाला आज एकहि प्रश्न विचारला नाहीं, असें कां?" बाई म्हणाल्या, "तो सकाळीं उपाशी आला होता. तोंड पाहिलेंस नाहीं का?" अशी गोष्ट कोणत्या प्रशिक्षणवर्गांत शिकवितात? आणि त्याच बाईंनीं पुढच्या आठवड्यांत त्या मुलीला विचारलें, "गणिताच्या तासाला तूं मुलांनाच एकमेकांची चूक शोधायला लावतेस, गोंधळ कसा होत नाहीं ग?" हा प्रश्न विचारतांना बाईंचा कमीपणा झाला असें कोणालाहि वाटलें नाहीं, कारण आदल्या आठवड्यांत उत्तर देण्याची पाळी त्यांची होती.

तिसरा पालट ओझ्याचा. शाळेंतलें सगळ्यांत कष्टाचें व सगळ्यांत बिनमानाचें काम कोणाकडे जातें याचा मुख्याध्यापकांनीं एकदां कागदावर हिशेब मांडावा. माझ्या शाळेंत तो असा निघाला: शिष्यवृत्तीचा वर्ग ज्येष्ठांकडे; पहिलीचा वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, संगणकावर माहिती भरणें, आणि मतदारयाद्यांसाठीं उन्हांत दारोदार हिंडणें हें सारें नव्यांकडे. "त्यांना संगणक येतो ना," हें आमचें उत्तर. येतो म्हणून रात्रीं अकरापर्यंत त्यांनींच बसावें काय? आणि नवा म्हणजे कोण? तीन वर्षें मानधनावर काम करणारा शिक्षणसेवक. २०२३ च्या फेब्रुवारींत वाढ झाली तेव्हां प्राथमिककडील मानधन महिना १६,००० रुपये झालें. तत्पूर्वीं तें ६,००० होतें. त्या सहा हजारांतून भाड्याची खोली, एस. टी. आणि खानावळ! तशांत आमच्याकडे कोणाचा निरोपसमारंभ असला कीं वर्गणी सर्वांस सारखी, पांचशें रुपये. ही गोष्ट माझ्या ध्यानांतहि आली नसती. एका ज्येष्ठ बाईंनींच ती मला एकांतांत सांगितली. त्यानंतर वर्गणी ज्याच्या-त्याच्या पगाराच्या मानानें घेऊं लागलों आणि कामांची यादी भिंतीवर लावली. यादी सर्वांच्या डोळ्यांपुढें आली तेव्हां दोन ज्येष्ठांनीं आपण होऊन पोषण आहाराच्या नोंदी मागून घेतल्या.

अर्थात् मुख्याध्यापकानें सगळें मिटवितां येत नाहीं, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ ही एक तारीख शिक्षकांच्या खोलीच्या मधोमध भिंतीसारखी उभी आहे. तिच्या अलीकडे नोकरीस लागलेल्यांना जुनें निवृत्तिवेतन. त्या दिवशीं व नंतर लागलेल्यांना वर्गणीची नवी योजना. ही भिंत माझ्या घरांतहि आहे. मी जुना पेन्शनर. धाकटी सून शिक्षिका, ती नंतरची. २०२३ च्या मार्चमध्यें जुन्या पेन्शनसाठीं १४ पासून २० तारखेपर्यंत राज्यांत संप झाला, तेव्हां ती मोर्चाला गेली आणि मी घरीं नातवंडांना भात कालवून दिला. संध्याकाळीं ती उन्हानें लाल होऊन परतली. मीं चहा पुढें केला. ती हंसून म्हणाली, "बाबा, तुमच्या पेन्शनींतला चहा!" त्या हंसण्यांत राग नव्हता, पण टोंचणी होती, आणि ती मला पोंचली. जें अंतर आपण बुजवूं शकत नाहीं तें नाहींच असें भासवूं नये. चहा करावा आणि ऐकून घ्यावें.

* * *

आतां त्या भगिनींच्या पत्राचा शेवट.

१ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल निर्णय दिला. पहिली ते आठवीच्या ज्या जुन्या शिक्षकांची सेवा पांच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांनींहि दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावें. ज्यांची पांच वर्षांहून कमी उरली आहे त्यांना परीक्षेवांचून नोकरींत राहतां येईल, परंतु बढती मिळणार नाहीं, असें त्यांत ठरलें. म्हणजे आमच्या पत्रलेखिकेच्या शाळेंतला देखावा पाहा. छप्पन्न वर्षांच्या बाई सुटल्या. तिघे तरुण ती परीक्षा उत्तीर्ण होऊनच आले आहेत. आणि मध्यें उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकेला, पंचवीस वर्षें शिकविल्यावर, परीक्षेला बसावयाचें आहे! त्या लिहितात: "पुस्तकें उशीखालीं लपवून ठेवतें. घरीं सर्व निजल्यावर वाचतें. बालमानसशास्त्राचा भाग बरा जातो, गणितांत अडतें. शाळेंतल्या सव्वीस वर्षांच्या मुलीला यांतलें सगळें येतें. पण उद्यां मी तिचा गोपनीय अहवाल लिहिणार, आणि आज तिच्यापुढें पाटी घेऊन बसूं का? नापास झालें तर शाळेंत तोंड कसें दाखवूं?"

ताई, तुमची भीति मला समजते. इतकीं वर्षें शिकविलेल्या माणसाला पुन्हां परीक्षेच्या बाकावर बसविणें योग्य कीं अयोग्य, हा मोठा वाद आहे, आणि या निर्णयानें पुष्कळ प्रामाणिक शिक्षक दुखावले आहेत. तो वाद वादाच्या ठिकाणीं चालूं द्या. तुमच्या हातांत जें आहे तेवढेंच मी सांगतों. पुस्तकें उशीखालून काढा आणि शाळेच्या टेबलावर ठेवा. सर्वांसमक्ष त्या मुलीला सांगा कीं, "शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास मला गणित सांग." तुमच्यासारख्या परीक्षेला बसावयाच्या आणखी कोणी असतील तर त्याहि येतील, आज त्याहि आपापल्या उशीखालीं पुस्तकें लपवीत असतील. ती मुलगी शिकवील तेव्हां तिला पहिल्यानें कळेल कीं, मोठ्या माणसाला शिकविणें किती अवघड असतें आणि त्याचा मान राखून शिकविणें किती अधिक अवघड. पुढें ती ज्येष्ठांशीं बोलेल तेव्हां तिचा आवाज निराळा येईल. आणि ज्या बाईंनीं तुम्हांला चौथींत शिकविलें त्यांना, परीक्षेची सक्ति नसली तरी, त्या वेळीं जवळ बसावयास सांगा. त्या येतील असें मला वाटतें. आपली विद्यार्थिनी परीक्षेला बसत असतां कोणता शिक्षक घरीं स्वस्थ राहिला आहे?

त्या बाई आल्या कीं तुम्ही उठून उभ्या राहतां, तेंहि सोडूं नका. खुर्चीचा मान त्यानें कमी होत नाहीं. तरुण मंडळी हें पाहत असतात, आणि आदर कसा करावा हें सांगण्याचा दुसरा मार्ग अजून कोणाला सांपडलेला नाहीं. फक्त पुन्हां बसल्यावर घड्याळाकडे पाहा. सभा सुरू होण्यापूर्वींच ठरवून ठेवा कीं, आज शेवटच्या टोंकाला बसलेल्याला दहा मिनिटें मिळालींच पाहिजेत. त्याच्या वहींत अकरा नांवें असूं शकतात.

माझ्या हरदत्ताला मीं निवृत्तीनंतर पत्र लिहिलें. वही उशिरां वाचली, त्याबद्दल क्षमा मागितली. त्याचें दोन ओळींचें उत्तर आलें. त्यानें लिहिलें होतें कीं, तो आतां स्वतः एका द्विशिक्षकी शाळेंत मोठा शिक्षक आहे. आणि गेल्या महिन्यांत त्याच्या हाताखालच्या नव्या शिक्षकाला त्यानें, कामाच्या गर्दींत, "नंतर बोलूं" म्हणून सांगितलें. पण माझें पत्र वाचून तो त्याच संध्याकाळीं त्याच्याकडे गेला.